लग्नसराईचं पाणी: गावच्या सभागृहासाठी सांडपाण्याची योजना

अंदाजपत्रकात सांडपाण्यासाठी दोनच ओळी होत्या. ‘सेप्टिक टँक, ५० माणसांसाठी, १ नग. शोषखड्डा, ३ मीटर खोल, १ नग.’ सभागृह ८०० माणसांचं, टाकी ५० माणसांची. हे ५० कुठून आले? तर आधीच्या शाळेच्या अंदाजपत्रकातून. ती ओळ तशीच उचलली गेली होती, आणि सरकारी कामात हे इतकं नेहमीचं आहे की कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

हे गाव नकाशावर शोधू नका. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात, ग्रामपंचायतीच्या सामाजिक सभागृहांना जी परिस्थिती पुन्हा पुन्हा भेटते ती एकत्र करून हे नमुना-प्रकरण मांडलं आहे. लोकसंख्या २,१०० धरली आहे. जागा गावठाणाच्या कडेला, २० गुंठे, ओढ्याकडे उतरती. इमारतीत तळाशी अंगणवाडी, वर अभ्यासिका, मागं मोकळं स्वयंपाकघर आणि भांडी घासायचा ओटा. ओढ्याच्या काठाला, जागेपासून सुमारे ६० मीटर खाली, नळपाणी योजनेची विहीर. सगळ्या प्रकरणाची किल्ली या विहिरीत आहे, पण आधी माणसांचा हिशेब.

सभागृहाला रोजचं असं गिऱ्हाईक नसतं. अंगणवाडीची पोरं आणि अभ्यासिकेतली मुलं मिळून दिवसाला ४०० लिटर सांडपाणी होतं. मग एखाद्या शुक्रवारी हळद, शनिवारी लग्न, आणि ८०० पानं उठतात. हस्तपुस्तिका काढून दरमाणशी इतके लिटर असं गुणत बसण्यापेक्षा इथं टँकरवाल्याला विचारणं बरं. या भागात लग्नाचं पाणी बहुधा विकत घ्यावं लागतं, आणि विकत घेतलेल्या पाण्याचा हिशेब कुणी विसरत नाही. पाच हजार लिटरचे ट्रॅक्टरचे दोन टँकर, शिवाय सभागृहाच्या टाकीतलं हजारभर लिटर. म्हणजे ११,००० लिटर. त्यातलं दोनेक हजार स्वयंपाकात आणि पिण्यात जातं. उरलेल्या ९,००० मध्ये भांडी-ताटं घासायचं ४,५००, हात धुण्याचं १,५००, शौचालय-मुतारीचं २,५०० आणि फरशी धुण्याचं ५००.

ताटांचा आकडा पाहून जुने लोक भुवया उंचावतात. पूर्वी पत्रावळी होत्या, मग थर्माकोल आलं. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली आणि बऱ्याच ठिकाणी स्टीलची ताटं भाड्यानं येऊ लागली. कचरा कमी झाला हे चांगलंच झालं. पण आठशे ताटं दोनदा पाण्यातून काढायची म्हटल्यावर तो कचरा काही अंशी सांडपाण्यात सरकला. बंदीच्या चर्चेत ही बाजू फारशी कुणी बोललं नाही.

वर्षाला ४५ कार्यक्रम धरले तर त्यांचं ४०५ घनमीटर, रोजच्या वापराचं १४६ घनमीटर, एकूण ५५१. ३६५ नं भागलं की दिवसाला दीड घनमीटर. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र ९. सरासरीवर योजना बांधली तर पहिल्याच लग्नात मोरी उलटी वाहील. कमालीवर बांधली तर काय होईल? बहुतेकांचं उत्तर असतं, काही नाही, पैसे थोडे जास्त जातील, पण सुरक्षित. इथंच गफलत आहे, आणि ती पुढं खडीच्या गाळणीपाशी नीट दिसते.

आधी जमीन. जागेवर तीन खड्डे घेतले तर एकच गोष्ट तीनदा दिसते: वर सव्वा मीटर काळी माती, खाली अडीच मीटरपर्यंत मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पाणी मुरण्याची चाचणी सोपी आहे, ग्रामपंचायतीच्या शिपायालाही करता येते. हातभर रुंदीचा खड्डा जिथं पाणी मुरवायचं त्या खोलीपर्यंत न्यायचा, तळाशी पाच सेंटीमीटर खडी टाकायची, पाणी भरून रात्रभर मुरू द्यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी घालून पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते पाहायचं. काळ्या मातीत १०० मिनिटं लागली. सेप्टिक टँकच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस २४७० च्या दुसऱ्या भागात, ६० मिनिटांच्या वर गेलेल्या जमिनीत शोषखड्डा बसत नाही. मुरमात मात्र पाणी चार-पाच मिनिटांत गायब.

इथं अंदाजपत्रकातला तीन मीटरचा शोषखड्डा मोठा गुणी वाटू लागतो. काळी माती ओलांडून मुरमात जायचं, पाणी झरझर गडप, ठेकेदार खूश, सरपंच खूश. पण मुरमाखाली पाषाण आहे आणि पाषाणाला सांधे आहेत. बेसॉल्टमध्ये, म्हणजे या काळ्या पाषाणात, पाणी वाळूसारखं गाळून निघत नाही, ते भेगेतून धावतं. मानक म्हणतं, पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून मुरवणीची जागा किमान १८ मीटर लांब हवी. आपले तर ६० मीटर आहेत, असं सांगून फाईल पुढं सरकवता येते. पण १८ मीटरचा आधार हा आहे की मधल्या मातीत जंतू अडकतील. मधे माती नसून भेग असेल, आणि ती उताराच्या दिशेनं विहिरीकडं जात असेल, तर ६० मीटरही कमी पडू शकतात. थोडक्यात, वरची जमीन पीत नाही आणि खालची जमीन राखत नाही. म्हणून या जागेवर पहिला ठराव हवा तो हा: मुरमाला हात लावायचा नाही. जे काही मुरवायचं ते वरच्या काळ्या मातीत, झाडांच्या मुळांच्या पट्ट्यात, पसरून.

नांदेडच्या टेंभुर्णीनं घराघरात शोषखड्डे करून गटारं आणि डास हटवले, हे उदाहरण ग्रामसभेत हटकून निघतं. उदाहरण खरं आणि चांगलं आहे. पण एका कुटुंबाचं न्हाणीचं पाणी वेगळं, आणि एका दुपारी आलेलं नऊ हजार लिटर तेलकट पाणी वेगळं.

दुसरा मुद्दा तेलाचा. शौचालयाच्या पाण्याची सगळ्यांना धास्ती असते, पण सभागृहाची गटारं खरी तुंबतात ती स्वयंपाकघरामुळं. जिलेबीची कढई, मसालेभाताची पातेली, आणि या भागात कंदुरीच्या किंवा वाढदिवसाच्या जेवणात मटणाचा रस्सा. मटणाची चरबी गरम पाण्यात सुखानं वाहते आणि पंचवीस पावलांवर पाइपात थंड होऊन थिजते. पौष-माघातल्या रात्री तर पाइप मेणबत्तीसारखा भरतो. जमिनीवर सिंचनासाठी सोडायच्या सांडपाण्याला बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजायला लागणाऱ्या प्राणवायूची, मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आहे, तेल-ग्रीसची फक्त १०. पहिली मर्यादा गाठणं जमतं. दुसरी गाठायची तर तेल पाण्यात उतरायच्या आतच अडवायला हवं. त्यामुळं भांडी घासायच्या ओट्यालगत हजार लिटरचा दोन कप्प्यांचा ग्रीस ट्रॅप, आणि त्याच्या आधी भाताची शितं, भाजीचे देठ अडवायला उचलता येणारी जाळीची पाटी. कढईतलं उरलेलं तेल डब्यात, पातेली आधी कागदानं किंवा भुशानं पुसून मगच पाण्यात. यातला निम्मा भाग बांधकामाचा नाहीच, आचाऱ्याचा आहे. त्याच्याकडं पुन्हा येऊ.

या टप्प्यावर दोन तयार उत्तरं टेबलावर येतात. एक, कंपनीचा तयार प्लांट: निळी टाकी, आत हवा मारणारा ब्लोअर, ‘बसवा आणि विसरा’. हवेवर जगणाऱ्या जंतूंना रोज अन्न लागतं आणि सतत वीज लागते. सभागृहात दहा-बारा दिवस अन्न जवळपास नाही आणि मग एका दुपारी तेलासकट मेजवानी. वर भारनियमन. असा प्लांट दोन हंगामांत पत्र्याची शेड होऊन बसतो. दुसरं उत्तर जास्त मोहाचं आहे: शौचालयाला जोडलेला बायोगॅस. देहूच्या डॉ. मापुसकरांनी हे काम आयुष्यभर केलं, त्यांना मरणोत्तर पद्मश्रीही मिळाली, आणि वसतिगृह किंवा आश्रमशाळेसाठी मीही तेच आधी तपासायला सांगेन. पण बायोगॅसलाही नेम हवा. सभागृहाला नेम नाही, मुहूर्त आहे.

तर मुहूर्तच धरून चालू. तुळशीच्या लग्नानंतर सभागृह जागं होतं, एप्रिल-मे मध्ये धावतं, आषाढी एकादशीनंतर चार महिने झोपतं. पाऊस नेमका त्या चार महिन्यांत. काळी माती पाण्यानं फुगून बंद झालेली असते तेव्हा सांडपाणी उरतं फक्त अंगणवाडी-अभ्यासिकेचं ४०० लिटर. जमिनीची पिण्याची ताकद सर्वात कमी असते तेव्हा पाणीही सर्वात कमी. ही सोय अभियंत्यानं केलेली नाही, चातुर्मासानं केलेली आहे, पण योजनेत ती धरायला काय हरकत?

ग्रामसभेत यावर एका आजींनी हात वर करून विचारलं, “आन् सप्ताह कुठं धरलाय?”

श्रावणात हरिनाम सप्ताह असतो आणि काल्याच्या दिवशी दीड हजार माणसं जेवतात. ऐन पावसात. कुठल्याही सरासरीत हा दिवस दिसत नाही आणि गावातल्या कुणालाही तो सांगावा लागत नाही. यावर टाकी मोठी करण्याचा विचार झाला, मग तो सोडून दिला. काल्याचा स्वयंपाक आजवर देवळाच्या पटांगणात होतो आणि पंगत पत्रावळीवर बसते, ताटं नसतात. तो तसाच राहावा, नव्या सभागृहाच्या हौसेपायी इथं आणू नये, एवढं ठरावात लिहिलं की काम झालं. काही प्रश्न काँक्रीटनं सोडवायचे नसतात.

आता बांधकामाचा गाभा. शौचालयाचं पाणी आणि स्वयंपाकघराचं पाणी वेगळं ठेवायचं. शौचालयाला दोन कप्प्यांची ६ घनमीटरची सेप्टिक टाकी. कार्यक्रमाच्या दिवशी २.५ घनमीटर येतं, म्हणजे पाणी दोन दिवस तरी आत थांबतं आणि गाळाला जागा उरते. मोकळ्या काळात अंगणवाडीच्या पाण्यावर टाकीतले जंतू तग धरून राहतात, मात्र लग्नानंतर शौचालय धुताना ॲसिडच्या बाटल्या ओतल्या नाहीत तर.

स्वयंपाकघर, हात धुणं आणि फरशीचं मिळून ६.५ घनमीटर. ते ग्रीस ट्रॅपमधून एका झाकलेल्या साठवण टाकीत जातं, आणि या योजनेत मी पैसे कुठं घालायला सांगेन तर या टाकीत. लग्न एका दुपारी होतं, पाणी चार दिवस जिरवायचं. मे महिन्यात लागोपाठ तीन दिवस मुहूर्त असले तर रोज ६.५ आत येतं आणि रोज ३ बाहेर सोडतो. पहिल्या दिवसाअखेर साडेतीन उरतं, दुसऱ्या दिवशी सात, तिसऱ्या दिवशी सकाळी दीड सोडूनही भर कार्यक्रमात बारापर्यंत जातं. म्हणून टाकी १३ घनमीटरची: चार मीटर बाय अडीच मीटर, पाण्याची खोली १.३ मीटर. नंतर कार्यक्रम नसेल तर चारेक दिवसांत रिकामी.

दिवसाला ३ घनमीटर सोडायचं कसं? चित्रात सोपं आहे, तळाशी बारीक भोक ठेवायचं. प्रत्यक्षात मिनिटाला दोन लिटर सोडणारं भोक इतकं लहान असतं की दोन शितांनी बंद होतं. त्यापेक्षा दीड इंची कॉक आणि टाकीच्या आतल्या भिंतीवर रंगवलेल्या रेघा. टाकीचं क्षेत्र दहा चौरस मीटर, त्यामुळं पाणी १५ सेंटीमीटर उतरलं की दीड घनमीटर गेलं. शिपायानं सकाळी एक रेघ सोडायची, संध्याकाळी एक रेघ. वीज नाही, पंप नाही, जागेच्या उतारावर सगळं वाहतं. शिपाई दोन दिवस आला नाही तर वरच्या पाइपातून जादा पाणी पुढच्या गाळणीत जातं, ओढ्यात नाही. साठलेलं पाणी वास मारणारच, म्हणून झाकण घट्ट, आणि हवेचा पाइप छपराच्या वर नेलेला. मंडपाच्या बाजूला नेऊ नका, एवढं आवर्जून सांगावं लागतं.

सेप्टिक टाकीचं आणि साठवण टाकीचं पाणी मग एकत्र येऊन खडीच्या गाळणीत शिरतं. साठ सेंटीमीटर खडी, तळाला शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, वर कर्दळ. शेततळ्याचा कागद म्हणजे या भागात घरचा माल, जोडणारी माणसं तालुक्यात मिळतात. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं फायटोरिड नावानं याच वाटेची पद्धत विकसित केली आहे, त्यामुळं तांत्रिक मंजुरी देणाऱ्यालाही कल्पना परकी वाटत नाही. दिवसाला ४ घनमीटर, तीन दिवस मुक्काम, खडीतली पोकळी ४० टक्के. म्हणजे खडी ३० घनमीटर आणि क्षेत्र ५० चौरस मीटर, अर्धा गुंठा. लागोपाठच्या मुहूर्तांत दोन्ही टाक्यांचं मिळून साडेपाच घनमीटर येईल आणि मुक्काम सव्वादोन दिवसांवर येईल. तेवढं चालतं.

आणि आता ती गफलत. मे महिन्यात या भागात ओल्या कर्दळीच्या वाफ्यातून दिवसाला सुमारे ८ मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं तर ५० चौरस मीटरमधून ४०० लिटर जातं. अंगणवाडी-अभ्यासिकेचं रोजचं पाणीही तेवढंच. (अंगणवाडीला मे महिन्यात सुट्टी लागली तर कमीच.) म्हणजे कार्यक्रम नसलेल्या आठवड्यात गाळणी जेमतेम ओली राहते. हीच गाळणी ‘सुरक्षित’ म्हणून ९ घनमीटरसाठी बांधली असती तर क्षेत्र ११२ चौरस मीटर झालं असतं आणि उन्हाळ्यात रोज ९०० लिटर उडालं असतं, आत येणाऱ्याच्या दुपटीहून जास्त. कर्दळ वाळली असती, मुळं मेली असती, आणि पुढच्या लग्नाचं पाणी कोरड्या खडीतून सरळ पलीकडं गेलं असतं. दुष्काळी भागात मोठी गाळणी ही लहान गाळणीइतकीच चूक ठरू शकते. म्हणून गर्दी पेलायचं काम टाकीनं करायचं, गाळणीला रोजचा घास द्यायचा.

गाळणीतून निघालेलं पाणी कुंपणालगतच्या झाडांना. जमीन किती पिते याचा जुना ठोकताळा आहे: २०४ भागिले चाचणीतल्या मिनिटांचं वर्गमूळ. १०० मिनिटांचं वर्गमूळ १०, म्हणजे चौरस मीटरला दिवसाला २० लिटर. ४,००० लिटरना २०० चौरस मीटर, दोन गुंठे. बांबू, कडुलिंब, नारळ चालतील, कोथिंबीर-मेथी नको. काळी माती उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते आणि भेग म्हणजे मुरमाकडं जाणारी पाऊलवाट. त्यामुळं आळ्यांवर उसाच्या पाचटाचा जाड थर, आणि पट्ट्याचे दोन भाग करून आलटून-पालटून पाणी. पावसाळ्यातल्या ४०० लिटरना २० चौरस मीटर पुरतात, म्हणून तेवढा भाग उंचवट्यावर ठेवायचा.

विहिरीचं पाणी काम सुरू व्हायच्या आधी तपासून ठेवायचं, जंतू आणि नायट्रेट दोन्ही, उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा. नंतर कुणी म्हणालं की सभागृहामुळं पाणी बिघडलं, किंवा नाही बिघडलं, तर बोलायला कागद हवा.

पैशाचं सांगायचं तर स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये धरले होते. २,१०० लोकसंख्येला ५ लाख ८८ हजार, त्यात ३० टक्के पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून. हे पैसे साऱ्या गावाचे आहेत. सभागृहावर ते सगळे खर्च करू नयेत, हे वस्तीवरच्या सदस्यांनी सुनावलं ते रास्तच होतं: त्यांच्या दारातलं गटार रोज वाहतं, सभागृहाचं मुहूर्तावर. तोडगा असा निघाला की गाळणी आणि झाडांचा पट्टा या निधीतून करायचा, टाक्या सभागृहाच्या मूळ अंदाजपत्रकात धरायच्या, जिथं त्या पहिल्यापासून असायला हव्या होत्या.

गाळ उपसण्याचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, म्हणून गाडी टाकीपर्यंत पोचेल असा रस्ता आराखड्यात आधीच ठेवला. पण गाडी भरल्यावर ती जाणार कुठं? याच जिल्ह्यात वाईला मैलागाळ प्रक्रिया केंद्र आहे, पण ते जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. एवढ्या फेऱ्याला गाडीवाला तयार होईल आणि वाटेत कुठल्या ओढ्यात रिकामी करणार नाही, यावर मी पैज लावणार नाही. तूर्त ग्रामपंचायतीच्या गायरानात, विहिरीच्या वरच्या नव्हे तर पलीकडच्या उतारावर, कोरड्या महिन्यांत उथळ चर खणून त्यात गाळ पुरायचा आणि वर झाडं लावायची असं धरलं आहे. इथंही तोच नियम, चर काळ्या मातीतच. तालुक्याला केंद्र झालं तर हे बदलावं.

राहिला आचारी. भाड्याच्या पावतीवर आता अनामत रकमेची वेगळी ओळ आहे. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी शिपाई जाळीची पाटी, ग्रीस ट्रॅप आणि तेलाचा डबा पाहतो. खरकटं पाण्यात ढकललेलं नसेल, ट्रॅपवरची साय काढलेली असेल, तर अनामत परत. नाहीतर त्यातून सफाईची मजुरी वजा होते. यजमान आपसूक आचाऱ्याच्या मागं लागतो, ग्रामपंचायतीला भांडावं लागत नाही. ट्रॅपची झाकणं आधी जाड फरशीची धरली होती. ती एका माणसाला उचलत नाहीत, आणि जे उचलत नाही ते कुणी साफ करत नाही. ती बदलून कडी-कुलपाची लोखंडी चादरीची झाकणं घेतली. कुलूप यासाठी की शेजारी अंगणवाडी आहे.

कामाचा क्रमही ठरावात आहे. टाक्या दिवाळीआधी, खोदाई मात्र पाऊस पूर्ण उघडल्यावर, कारण ओल्या काळ्या मातीत जेसीबी घातला तर ती दाबली जाऊन झाडांच्या पट्ट्याची पिण्याची ताकद आणखी कमी होते. कर्दळ कार्तिकात लावायची. पहिलं मोठं लग्न माघाच्या आत या जोडणीवर घ्यायचं नाही, तोवर सभागृह बारशापुरतं आणि बैठकीपुरतं भाड्यानं द्यायचं. सरपंचांना हा शेवटचा मुद्दा मान्य नव्हता, मार्गशीर्षातल्या दोन तारखा आधीच तोंडी दिलेल्या होत्या. शेवटी त्या दोन लग्नांचा स्वयंपाक शाळेच्या मैदानात करायचा, आणि सभागृहात फक्त अक्षता टाकायच्या, असं ठरलं.